बर्फातली पाठमोरी बाई

सिपायिक
९ फेब्रुवारी

श्रीमती नोएला पोल्चीस यांस,

या पत्राद्वारे मला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे आणि ती आरंभीच सांगतो: आपल्या नव्या सभागृहाच्या दारावर भूर्जसालीचे चित्र कोरण्याचा अधिकार आज आपल्या वाबानाकी लोकांमध्ये तुझ्याइतका दुसऱ्या कोणाचाही नाही. अकरा वर्षांपूर्वी ज्याच्या अभिप्रायामुळे कारागीरमंडळाच्या यादीतून तुझे नाव वगळले गेले, तोच हे सिद्ध करायला निघाला आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. (मायन्यात तुला मोठेपणा दिला, तो पुढे निभावता येणार नाही. सख्ख्या भाचीला अहो-जाहो करण्याची सवय मला नाही.)

मंडळाने डिसेंबरात तुला निमंत्रण पाठवले. तुझे उत्तर एका ओळीचे आले: ‘रंग फासून फसवल्याचा ठपका जिच्यावर आहे, तिच्या हातचे दार तुम्ही रोज कोणत्या तोंडाने उघडाल?’ सभेत ते वाचले गेले तेव्हा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. फेलिक्स लोला तेवढा छताकडे पाहत राहिला. याला आपण सगळे कप्तान म्हणतो, कारण जन्मभर होड्या बांधूनही त्याला होडीत बसले की मळमळते. तो छतालाच म्हणाला, “पोरगी तुमच्यावरच गेलीय जजसाहेब. एका वाक्यात माणूस उभा चिरते.”

मला न्यायासनावरून उतरून नऊ वर्षे झाली. जजसाहेब हे संबोधन आता केवळ चिडवण्यापुरते उरले आहे.

आता प्रतिपादन. एखादे काम आपले आहे, हे कशावरून ठरवावे? विषयावरून नव्हे, होडी आणि हरिण कोणीही काढतो. जुन्या नमुन्यांच्या नकलेवरूनही नव्हे. नक्कल परकाही करू शकतो. माझे म्हणणे असे की, आपल्या आज्या जेथे उभ्या राहून पाहत असत, तेथेच उभे राहून जो पाहतो, त्याचे काम आपले. दवाखान्याच्या ओसरीत तुझे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले चित्र टांगले आहे. भरती-ओहोटीच्या ताणात आपल्या उपसागरात जो मोठा भोवरा उठतो, तो तू एका देठातून दोन्हीकडे वळलेल्या वेलांटीने दाखवला आहेस. तीच वेलांटी आपल्या आज्यांनी नेच्याच्या कोवळ्या कोंबावरून घेतली होती. त्यांनी ती जमिनीत पाहिली, तू पाण्यात पाहिलीस. तुला ती कोणी दिली नाही, आणि तरीही ती वारशाने आली. तपासणीसाठी रांगेत बसलेल्या बायका आपला नंबर पुकारला तरी त्या चित्रापुढून उठत नाहीत, असे परिचारिकेने मला तक्रारीच्या सुरात सांगितले. मी ती तक्रार अभिमानाने नोंदवून घेतली.

उरला तुझ्या त्या भूर्जसालीच्या डबीचा प्रश्न, जिच्यावर मी तो अभिप्राय दिला होता. तेथे माझा अभिप्राय आजही कायम आहे. खरवडून चित्र काढता येईल असा काळसर पापुद्रा फक्त हिवाळी सालीवर असतो. ती साल झाडाला पालवी फुटण्यापूर्वी काढावी लागते. त्या वर्षी तू पश्चिमेकडे महाविद्यालयात होतीस, ती जूनच्या आठ तारखेला घरी आलीस आणि ऑगस्टात मंडळाच्या प्रदर्शनात डबी मांडलीस. म्हणजे साल हिवाळी नव्हती आणि काळेपणा वरून चढवलेला होता. मी तुला तीन वेळा विचारले, “साल कधी काढलीस?” तिन्ही वेळा तू म्हणालीस, “हिवाळी आहे, मामा.” हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

तेव्हा तू विद्यार्थिनी होतीस. ‘अननुभवाने चूक झाली’ एवढी एक ओळ लिहून पाठव. नाव पुन्हा यादीत घालण्याचे काम मी करीन.

ॲम्ब्रोझ सबाटस


सिपायिक
१७ मार्च

नोएला हिस,

तुझे उत्तर पोचले, म्हणजे माझेच पत्र परत आले. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर तू एक पाणकावळा काढला आहेस. खडकावर बसून तो पंख वाळवीत आहे. पंखांना न्यायाधीशाच्या झग्याच्या बाह्या आहेत आणि नाकावर चष्मा आहे. चष्मा माझा आहे. रेषा निर्दोष आहे, आणि मानेचा ताठा पक्ष्याचा किती व माझा किती हे मला ठरवता आले नाही.

मी ते तुझ्या आईला दाखवले. मेडलिन इतकी हसली की प्राणवायूची नळी नाकातून निसटली. “फ्रेम करून दे,” ती म्हणाली, “माझ्या पलंगासमोर लावते. तू घरी गेल्यावरही तुझ्याशी भांडता येईल.”

तुझा नकार मी नोंदवला. परंतु नकार हा पुरावा नव्हे. म्हणून न्यायाच्या दृष्टीने ती डबी मी पुन्हा एकदा तपासायची ठरवली. ती शोधायला लांब जावे लागले नाही. प्रदर्शनातून नाकारली गेल्यापासून ती मेडलिनच्या स्वयंपाकघरात आहे. एका बाजूला बटणे, दुसऱ्या बाजूला औषधाच्या गोळ्या. दर रविवारी मी तिच्याकडे मक्याचे सूप प्यायला जातो, म्हणजे अकरा वर्षे ती माझ्या कोपराशी होती.

मी गोळ्या आणि बटणे बाजूला काढून ती खिडकीत धरली. झाकणावर नदी चढणारे रुपेरी मासे आहेत, एकमेकांना ढकलत, धरणाच्या दारातून वर घुसणारे. प्रत्येक माशाचा डोळा वेगळा आहे. असे काम आपल्याकडे गेल्या दोन पिढ्यांत झालेले नाही, आणि हे मी त्या वेळीही लिहिले होते. अभिप्रायाचे पहिले पान पुन्हा वाचावे. डबीच्या बाजूवर भूर्जांचे रान आहे, जमिनीवर बर्फ, बर्फात पावलांची रांग, आणि रांगेच्या शेवटी एका झाडाशी वाकलेली एक पाठमोरी बाई.

या बाजूबद्दल मी अभिप्रायात काय लिहिले होते ते मेडलिनला वाचून दाखवले: ‘ऋतूंचा मेळ नाही. मासे मे महिन्यात चढतात, तेव्हा रानात बर्फ नसते. चित्रकर्तीने निसर्ग प्रत्यक्ष पाहिलेला नाही.’

मेडलिनने गॅस बंद केला.

“ती ओळ परत वाच.”

मी वाचली.

“त्या वर्षी मे महिन्याच्या चार तारखेला तुझी गाडी कुठं होती रे?”

गाडी गिरिजाघराच्या वळणावरल्या खड्ड्यात होती. बर्फावरून घसरली होती. कप्तानाने दोर लावून ती ओढून काढली आणि पुढे दोन वर्षे ती गोष्ट भेटेल त्याला सांगितली. म्हणजे त्या मे महिन्यात बर्फ पडले होते. माझा तिसरा आक्षेप कोसळला आहे आणि तसे मी येथे लिहून देतो. पहिले दोन, सालीचा आणि रंगाचा, उभे आहेत.

मेडलिन आणखी काही सांगणार होती, पण तिने वळून सुपात पुन्हा मीठ घातले. सूप त्या दिवशी खारट झाले होते.

कप्तान वाटेत भेटला. त्याला अजून प्रदर्शनाच्या निवाड्याचा दिवस आठवतो. निवाड्याच्या टेबलापाशी त्याने डबी हातात घेतली होती. मोतीबिंदूमुळे दिसत नव्हते, म्हणून बोटांनी चाचपून तो म्हणाला होता, “जजसाहेब, वाद कशाला? बुडाला जरा थुंकी लावा नि नखानं घासा. हिवाळी असेल तर पापुद्रा उठेल. रंग असेल तर बोट माखेल.” मी परवानगी नाकारली. पुढ्यात आलेल्या वस्तूला इजा करून पुरावा घेऊ नये, असा माझा तेव्हाही नियम होता. बाकीच्या पंचांनी माझ्या नियमाला मान दिला.

ॲम्ब्रोझमामा


सिपायिक
३० एप्रिल

चि. नोएला,

उरलेले दोन आक्षेप रविवारी दुपारी पडले. घडले ते क्रमाने लिहितो. तुला हे अकरा वर्षांपासून माहीत आहे, तरीही.

मी मेडलिनला सांगितले की, नोएलाने ती एक ओळ लिहिली असती तर दाराचे काम केव्हाच सुरू झाले असते. मंडळ आता दुसऱ्या कारागिराचा विचार करते आहे. तिने डबी पालथी केली. बटणे टेबलभर पसरली. तिने अंगठा तोंडात घालून ओला केला, बुडाशी एका कोपऱ्याला लावला, थोडा वेळ थांबली आणि नखाने घासले. तपकिरी पापुद्रा बारीक भुग्यासारखा उठला. खाली फिकट, पिवळसर साल दिसली. तिने अंगठा माझ्या चष्म्यासमोर धरला. तो माखला नव्हता.

“आता ही बाई बघ,” ती म्हणाली.

“पाहिली आहे.”

“नाही पाहिलीस. हिच्या डोक्यावर काय आहे?”

कानपट्ट्यांची टोपी. एक कानपट्टी वर बांधलेली, एक लोंबती.

“कोणाची आहे?”

नोएला, ती टोपी आमच्या वडिलांची. तिची डावी कानपट्टी बंद तुटल्यामुळे कायम लोंबते. वडील गेल्यापासून, म्हणजे चाळीस वर्षे, ती टोपी एकाच डोक्यावर आहे, आणि ते डोके माझ्यासमोर बसले होते. दर रविवारी त्या चित्राशेजारी बसून मी सूप प्यायलो आणि सख्ख्या बहिणीची पाठ मला ओळखता आली नाही.

मी विचारले, “तू रानात गेलीस? त्या मे महिन्यात?”

त्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी तिच्या फुप्फुसाचा तुकडा काढला होता. मी तिला आईच्या जपमाळेवर हात ठेवून, सेंट ॲनच्या मूर्तीसमोर, शपथ घ्यायला लावली होती: पालवी फुटेपर्यंत रानात पाऊल टाकणार नाही.

“शपथ मोडली नाही मी,” मेडलिन म्हणाली. “पॉप्लरला पालवी फुटली होती. भूर्जाला नव्हती. शपथेत झाडाचं नाव नव्हतं, ॲम्ब्रोझ. मसुदा तुझा होता.”

तेहतीस वर्षे मी लोकांच्या करारांतल्या अशा फटी शोधल्या. माझ्या स्वतःच्या मसुद्यातून माझी बहीण कुऱ्हाड, पाचर आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन सरळ चालत गेली. हे लिहिताना मला राग यायला हवा. येतो आहे तो अभिमान, आणि तो दडवण्याचे कारण मला दिसत नाही. कापलेल्या फुप्फुसाने, ओल्या बर्फातून, तिने मुलीसाठी साल काढली, गुंडाळून पाठीवर आणली आणि तळघरात दगडांखाली दाबून ठेवली. जूनमध्ये तू आलीस तेव्हा ती तुझी वाट पाहत होती.

“अकरा वर्षं का बोलली नाहीस?”

“पोरीनं बोलू दिलं नाही. आठवड्यातून दोनदा मला दवाखान्यात कोण नेत होतं? तू. ती म्हणाली, मामाला कळलं तर तो रागानं महिनाभर तोंड दाखवणार नाही, मग तुला नेणार कोण? मला वाटलं, वर्षभरात तिचा राग उतरेल, येईल घरी. कुठली येतेय! ती तुझ्यासारखीच निघाली.” मग नळी सारखी करून ती म्हणाली, “आणि मीही भित्री निघाले. ते लिही तिला. पण आधी एक सांग. तुझ्या भाचीनं तुला फसवलं असेल, हे तुला लगेच पटलं. तुझ्या बहिणीनं फसवलं असेल, हे मनात तरी आलं?”

नाही आले.

मामा


सिपायिक
१४ मे

चि. नोएलास अनेक आशीर्वाद.

यंदाही थंडी रेंगाळली आहे. परवा मी, कप्तान आणि तुझी आई तळ्यांकडच्या रानात जाऊन आलो. मेडलिन गाडीतच बसली, मांडीवर प्राणवायूची नळकांडी घेऊन, टोपी घालून. तिने झाड कोठे आहे ते सांगितले आणि आम्ही दोघे म्हातारे ते शोधत तीनदा त्याच्या समोरून गेलो.

“उजवीकडे!” ती काच खाली करून ओरडली. “एकाला दिसत नाही नि दुसरा बघत नाही. बरी जोडी जमवलीय मी!”

ते झाड जिवंत आहे. छातीच्या उंचीवर, जिथे तिने साल काढली होती, तेथे हातभर रुंदीचा काळा खरबरीत पट्टा आहे. त्याच्या खाली-वर पांढरी साल. पाचर खोल गेली असती तर झाड मेले असते. ती खोल गेली नव्हती. अकरा वर्षे माझा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार तेथे उभा होता आणि त्याला मी समन्स काढले नव्हते.

त्याच्या शेजारच्या एका सरळ, जाड भूर्जाच्या मुळाशी मी आपल्या रिवाजाप्रमाणे तंबाखू ठेवली आणि काय हवे आहे व कोणासाठी, ते सांगितले. मला मुद्देसूद बोलायची सवय, जरा लांबले.

“जजसाहेब,” कप्तान म्हणाला, “झाडाची उलटतपासणी झाली असेल तर पाचर घाला. पाणी निवतंय.”

हिवाळी साल उन्हाळी सालीसारखी हसत सुटून येत नाही. कोमट पाणी सोडत, पाचर सरकवत, तळहाताने थोपटत ती मिळवावी लागते. सालीचे एक पान काढायला आम्हाला दोन तास लागले आणि त्यातले काम बहुतेक कप्तानाच्या बोटांनी केले. माझ्या हातून एक कोपरा फाटला. दुसरे पान अखंड निघाले: माझ्या दोन्ही हातांच्या कवेएवढे रुंद, आतून भिजलेल्या गुळाच्या रंगाचे, एकही गाठ नसलेले. गाडीत नेल्यावर मेडलिनने त्यावरून तळवा फिरवला. मग म्हणाली, “माझं पान याच्यापेक्षा बरं होतं.” ते खरे आहे.

दोन्ही पाने माझ्या तळघरात दगडांखाली आहेत. तुझ्याकडच्या कोरड्या हवेत पाठवली तर ती तडकतील. तेव्हा पाठवणार नाही. याचा अर्थ काय तो तू काढ.

मंडळाने दुसरा कारागीर ठरवण्यासाठी जूनच्या सहा तारखेला सभा बोलावली आहे. त्या सभेत बोलायला मी वेळ मागितला आहे.

मामा


सिपायिक
८ जून

बाळ नोएला,

तुझे कार्ड सभेच्या आदल्या दिवशी मिळाले. तू एकच प्रश्न विचारला होतास: ‘जुना अभिप्राय फाडणार, की दुरुस्त करणार?’ मी दोन्ही केले नाही. फाडला तर आपल्या हातून असे काही झालेच नव्हते असे पुढच्यांना वाटेल. दुरुस्त केला तर मी कमी चुकलो होतो असे वाटेल. तो जसाच्या तसा दप्तरात राहील आणि त्याला माझा कबुलीजबाब टाचलेला राहील. ज्याला पहिला वाचायचा आहे त्याला दुसरा उलटावाच लागेल.

सभेला आजवर पाहिली नव्हती एवढी माणसे आली होती. माशांचा मोसम असूनही. मेडलिन पहिल्या रांगेत बसली, टोपी घालून. मी म्हणालो, “टोपी काढ, सभा आहे.” ती म्हणाली, “पुरावा आहे.” मी कबुलीजबाब वाचून संपवला. मग मागून कप्तानाचा आवाज आला: “लागलं बाबा एकदाचं नख!” सभागृह हसण्याने दणाणले, आणि त्या हसण्यातच तुझे नाव यादीत परत घालण्याचा ठराव झाला. विरोधात एकही हात नव्हता. दुसऱ्या कारागिराचा विषय कोणी काढलाच नाही.

आणखी एक बदल झाला. मंडळाच्या नोंदवहीत ‘निर्माता’ असा एकच रकाना होता. तो रकाना माझ्याच हातचा आहे. मंडळाचे नियम मी लिहिले तेव्हाचा. आता दोन झाले. तुझ्या डबीची नोंद अशी आहे: साल काढणारी, मेडलिन सबाटस. कोरणारी, नोएला पोल्चीस. डबी दाराशेजारच्या काचेत ठेवली आहे. तुझ्या आईने ती शुक्रवारपर्यंतच दिली आहे. गोळ्या सध्या बशीत ठेवाव्या लागतात आणि मांजर त्या खाली पाडते.

आणि काल तुझा निरोप तिच्या फोनवर आला. तिने तो मला स्वतः वाचून दाखवला, दोनदा, दुसऱ्यांदा जरा जास्तच मोठ्याने: ‘एकवीस तारखेला पोचते. मामांना सांग, माझ्या सालीला हात लावू नका.’

मी तळघराचे दार बंद करून किल्ली मेडलिनकडे दिली आहे. वोलिवोन, बाळ; आभार मानायला मला आपलाच शब्द हवा. सभेत वाचलेला मजकूर सोबत जोडतो. सहीची प्रत तुझ्याकडेही असायला हवी.

मामा


कबुलीजबाब

मी, ॲम्ब्रोझ सबाटस, वय वर्षे एकोणऐंशी, सिपायिकचा रहिवासी, माझ्या लोकांसमोर पुढीलप्रमाणे कबूल करतो.

नोएला पोल्चीस हिच्या डबीवरील माझ्या अभिप्रायातील तारखा बरोबर होत्या. भूर्जसालीविषयीचे नियम बरोबर होते. तर्कात पायरी सुटलेली नव्हती. तरीही निष्कर्ष खोटा होता, आणि त्यामुळे आपली सर्वांत समर्थ चित्रकर्ती अकरा वर्षे आपल्या दारापासून दूर राहिली.

चूक एकच झाली. लाकूड एकाने फोडावे, पट्ट्या दुसऱ्याने काढाव्यात, टोपली तिसरीने विणावी, अशा घरात मी वाढलो, आणि तरी नोएलाशी मी असा बोललो, जणू ती रानात एकटीच जन्मली होती. साल कधी काढली, हे मी तीन वेळा विचारले. ‘ती तुझ्यासाठी कोणी काढली?’ हे एकदाही विचारले नाही. उत्तर डबीवर कोरलेले होते, टोपीसकट.

(सही)
ॲम्ब्रोझ सबाटस
मेडलिनचा भाऊ, नोएलाचा मामा